समुद्राजवळ नुसतं बसायचंय, हे घरात कसं सांगू?

*ताई, आम्ही न्यू जर्सीत एडिसनला राहतो. मी आणि नवरा दोघंही नोकरी करतो, मुलगा नऊ वर्षांचा आहे. मार्चमध्ये सासू-सासरे सांगलीहून येतायत. एप्रिलमध्ये मुलाच्या शाळेला आठवडाभर सुट्टी आहे, तेव्हा सगळ्यांनी मिळून कॅरिबियन बेटांवर जायचं ठरतंय. नवऱ्याने आठवड्यात पाच बेटं दाखवणारी क्रूझ शोधली आहे आणि तासातासाचा तक्ताही केलाय. सासूबाईंना पाण्याची भीती वाटते, त्या पूर्ण शाकाहारी आहेत, आणि त्यांचं म्हणणं, ‘एवढे पैसे घालून वाळूत बसायला कशाला जायचं?’ सासऱ्यांना क्रिकेट सोडून कशात रस नाही. खरं सांगू का, मला कुठलंच बेट ‘बघायचं’ नाहीये. दर वेळी सुट्टीवरून परतताना मी जातानाच्यापेक्षा जास्त थकलेली असते. मला समुद्राजवळ नुसतं बसायचंय. हे मागणं स्वार्थी आहे का? नसेल तर कुठे जाऊ, आणि घरात कसं सांगू?*

*– एक सून*

प्रिय मैत्रिणी,

स्वार्थी नाही, अजिबात नाही. सासऱ्यांना काय आवडतं, सासूबाई कशाला घाबरतात, मुलाची सुट्टी कधी आहे, नवऱ्याच्या मनात काय आहे, हे सगळं तू चार ओळींत नेमकं लिहिलंस. तुझं स्वतःचं मागणं तेवढं सगळ्यात शेवटी, ‘खरं सांगू का’ म्हणत आलं, आणि त्याला चिकटून लगेच शंकाही आली. घरातल्या प्रत्येकाचं पथ्यपाणी आणि आवडनिवड जिच्या डोक्यात असते, तिला नुसती जागा बदलून विश्रांती मिळत नाही. तिच्या डोक्यातलं काम दुसऱ्या कुणी तरी उचलावं लागतं. त्यामुळे तुझ्यासाठी बेट निवडताना मी एवढंच पाहिलं: तिथे गेल्यावर बाकीच्या चौघांना तुझ्यावाचून आपापला वेळ घालवता येईल का?

पण बेटाच्या आधी पासपोर्ट उघड. तुम्ही अमेरिकेत कुठल्या व्हिसावर आहात ते पत्रात नाही. ग्रीन कार्ड किंवा तिथलं नागरिकत्व असेल तर हा भाग सोडून दे. एच-१बी (नोकरीचा व्हिसा) आणि एच-४ (त्यावरच्या जोडीदाराचा-मुलांचा) वर असाल तर पासपोर्टातल्या व्हिसाच्या स्टॅम्पची तारीख बघ. अनेकांचा आय-७९७ चा, म्हणजे व्हिसा-अर्ज मंजूर झाल्याचा कागद नव्या मुदतीचा असतो आणि स्टॅम्प मात्र केव्हाच संपलेला असतो. अमेरिकेत राहायला त्याने अडत नाही, पण देशाबाहेर पाऊल टाकलं की परत यायला चालू स्टॅम्प लागतो. ‘तीस दिवसांच्या आत परतलं तर जुना स्टॅम्प चालतो’ असं कुणीतरी तुला सांगेल. ही सवलत खरी आहे, पण एच व्हिसावाल्यांना ती फक्त कॅनडा आणि मेक्सिकोपुरती आहे. कॅरिबियन बेटांसाठी ती एफ आणि जे व्हिसावाल्यांना, म्हणजे विद्यार्थी आणि एक्स्चेंजवर आलेल्यांना मिळते. परदेशी बेटांना लागणाऱ्या क्रूझलाही हाच नियम आहे, बोट मायामीहून सुटून मायामीलाच परत येत असली तरी.

सासू-सासऱ्यांचा बी-२, म्हणजे पाहुण्यांचा व्हिसा चालू आणि अनेक प्रवेशांचा असला म्हणजे झालं. मात्र परत येताना त्यांना नवे सहा महिने मिळतील असं धरून चालू नका. किती दिवस राहू द्यायचं ते अधिकारी ठरवतो, म्हणून परतल्यावर त्यांच्या आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेतल्या प्रवेशाच्या नोंदीवरची तारीख नक्की तपासा.

स्टॅम्प संपलेला निघाला तर हिरमुसू नकोस, पोर्टो रिकोला जा. ते बेट अमेरिकेचंच आहे, विमान देशांतर्गत असतं आणि परतताना इमिग्रेशनची रांग नसते. सान ह्वानच्या पूर्वेला लुकियोचा किनारा आहे. तिथे प्रवाळाच्या आडोशाने पाणी शांत असतं, नारळाची झाडं आहेत, स्वच्छतागृहं आहेत. तुझ्या घरच्यांना तो मानवेल. पासपोर्ट आणि आय-७९७ ची मूळ प्रत तरीही जवळ असू दे.

स्टॅम्प चालू असेल तर माझं उत्तर बार्बाडोस. भारतीय पासपोर्टवर तिथे नव्वद दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. परतीचं तिकीट आणि राहण्याचा पत्ता हाताशी ठेवा.

आता क्रूझबद्दल. तुझ्या नवऱ्याची हौस मला समजते. एवढ्या लांब जायचं तर जास्तीत जास्त बघून घ्यावं, हे आपल्याकडच्या बहुतेक घरांमध्ये मुरलेलं असतं, आणि आई-वडील पुन्हा कधी येतील कुणास ठाऊक ही हुरहुरही त्यात असते. पण क्रूझवरचा दिवस कसा जातो ते बघ. सकाळी बोट धक्क्याला लागते. मग सगळ्यांना नाश्ता करवून, औषधं देऊन, टोप्या घालून खाली उतरवायचं. बोटीवर परतायची वेळ ठरलेली, ती चुकवून चालत नाही. दुपारभर घड्याळ बघत फिरायचं, संध्याकाळी परत वर, दुसऱ्या दिवशी नव्या बेटावर पुन्हा तेच. हे हाकण्याचं काम कुणाकडे येतं ते मी सांगायला नको. ज्या घरात दोन-तीन कर्ती माणसं ही जबाबदारी वाटून घेतात तिथे क्रूझ फार छान होते. तुझ्या घरात ती वाटणी अजून झालेली नाही. या खेपेला एकच बेट, एकच मुक्काम, आणि सामान एकदाच उघडायचं.

बार्बाडोस लहान आहे. लांबी साधारण ३४ किलोमीटर, रुंदी २३. त्यामुळे काही राहून गेलं म्हणून जीव खालीवर होत नाही, आज नाही तर उद्या तासाभरात जाता येतं. न्यूयॉर्कहून थेट विमानाने पाचेक तास लागतात. एप्रिलमध्ये न्यू जर्सीच्या आणि तिथल्या घड्याळात फरक नसतो, म्हणजे नुकतेच सांगलीहून आलेल्या म्हाताऱ्या माणसांच्या झोपेचं पुन्हा खोबरं होणार नाही. अमेरिकेतले प्लग तिथे चालतात. नळाचं पाणी पिता येतं, कारण आजूबाजूची पुष्कळशी बेटं ज्वालामुखीची असली तरी हे बेट बहुतांश प्रवाळाच्या चुनखडीचं आहे आणि पावसाचं पाणी त्यातून गाळत गाळत खाली उतरतं. तिथला डॉलर १९७५ पासून अमेरिकन डॉलरला दोन या दराने बांधलेला आहे. मात्र पाटीवरचा भाव कुठल्या डॉलरमधला आहे ते दर वेळी विचारायचं.

एप्रिल महिनाही योग्य आहे. वादळांचा हंगाम जून ते नोव्हेंबर. एप्रिल म्हणजे कोरड्या ऋतूचा शेवट. ईस्टरच्या आसपास गेलात तर मुलाला आकाशभर पतंग दिसतील, कारण तिथे पतंग उडवायचा सण ईस्टर. गुड फ्रायडेला दुकानं बंद असतात, तेवढं दूध-ब्रेड आदल्या दिवशी आणून ठेवा.

राहायचं कुठे, यावर मी बराच विचार केला. पश्चिम किनारा, म्हणजे होलटाउन, पेन्स बे, मलिन्स, हा सगळ्यात प्रसिद्ध. तिथला समुद्र तळ्यासारखा निवांत असतो आणि हॉटेलांचे दर तसेच चढे. पैशांची अडचण नसेल तर डोळे मिटून तिथे जा. पण तुम्हा पाच जणांसाठी मी दक्षिण किनाऱ्यावरचा वर्दिंग ते रॉकली हा पट्टा सुचवेन. रॉकलीला समुद्राच्या कडेने लांबलचक सपाट पायवाट बांधलेली आहे. पहाटे आणि संध्याकाळी गावातली माणसं तिथे चालायला येतात. सासऱ्यांना तिथे एकट्याने फिरून येता येईल, कुणी सोबत जायला नको. किराणा दुकान, खाण्याच्या जागा, बसथांबा सगळं पायी अंतरावर आहे. वर्दिंगला किनाऱ्यापासून थोडं आत प्रवाळाची रांग आहे, ती लाटा अडवते. माझ्या कसोटीला हा पट्टा उतरतो. महागड्या पश्चिम किनाऱ्यावर दर वेळी टॅक्सी बोलवावी लागली असती, आणि ती बोलवणारी तू असतीस.

अगदी वाळूला लागून असलेल्या हॉटेलाचा हट्ट धरू नका. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कुठल्याही महागड्या हॉटेलसमोरच्या वाळूवर तुम्हाला पंचा पसरून बसता येतं, खुर्च्या आणि छत्री मात्र हॉटेलची असते. रस्त्यापलीकडची दोन खोल्यांची जागा घ्या आणि वाचलेले पैसे बाहेर जेवण्यावर खर्च करा.

दक्षिण किनाऱ्याची एक अडचण आहे, ती आधीच सांगते. २०११ पासून अटलांटिकमधून सार्गासम नावाचं तपकिरी शेवाळ लोंढ्याने वाहत येतं. वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरीपर्यंत त्याचा जोर असतो. पूर्व आणि दक्षिण किनाऱ्यांना त्याचा त्रास जास्त होतो, आणि ते कुजलं की वास सुटतो. प्रवाह आणि वारा फिरला तसं ते आज असतं, चार दिवसांनी नसतं. आलंच तर राजधानी ब्रिजटाउनजवळच्या कार्लाइल बेला जायचं. तो उपसागर पश्चिमेकडे तोंड करून आहे आणि रॉकलीहून बसने थोडक्या वेळात गाठता येतो. खरं तर शेवाळ असो-नसो, आठवड्यातले दोन-तीन दिवस तिथेच घालवा. पाणी स्वच्छ, खाली पांढरी वाळू, आणि कासवं दिसतात. त्यांना हात लावू नये, खायला घालू नये. हे मुलाला आधीच सांगून ठेव.

सासूबाईंच्या भीतीला मी कमी लेखणार नाही. सांगलीच्या माणसाने पाण्याचं जे रूप पाहिलंय ते कृष्णेच्या पुराचं. २००५ आणि २०१९ ज्यांनी डोळ्यांनी पाहिलं त्यांना ‘अहो, काही होत नाही’ म्हणून पाण्यात ओढू नये. त्यांना काठावर सावलीत खुर्ची द्या आणि पहिले दोन दिवस विषयही काढू नका. बार्बाडोसला भरती-ओहोटीतला फरक एक मीटरही नसतो, त्यामुळे कोकणासारखं पाणी खूप आत जात नाही की अंगावर धावून येत नाही. दिवसभर जिथे असतं तिथेच असतं. हे त्यांचं त्यांना दिसू दे. पाय बुडवून बसावंसं वाटलं तर बसतील, नाही वाटलं तरी त्यांचा दिवस वाया गेला असं कुणी म्हणायचं नाही.

ऊन मात्र फार जपायचं. बार्बाडोस १३ अंश उत्तर अक्षांशावर आहे. पुण्या-मुंबईला मे महिन्यात जो शून्य सावलीचा दिवस येतो, तो तिथे एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात येतो. म्हणजे तुम्ही जाल तेव्हा दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असणार. वारा गार लागतो म्हणून कळत नाही आणि संध्याकाळी खांदे भाजलेले असतात. सकाळी सहा ते साडेनऊ आणि दुपारी चारनंतर किनारा, मधली वेळ सरळ घरात झोप. सासऱ्यांची रक्तदाबाची गोळी चालू असेल तर पाणी पिण्याकडे लक्ष हवं. ते लक्ष तुझ्या नवऱ्याने ठेवायचं, वडील त्याचे आहेत.

सावलीसाठी झाडाखाली बसायच्या आधी झाड बघा. मँचिनील नावाचं झाड तिथल्या किनाऱ्यांवर असतं. हिरवी, छोट्या सफरचंदासारखी फळं लागतात आणि चीक अतिशय विषारी असतो, कातडीला फोड येतात. पाऊस पडत असताना खाली उभं राहिलं तरी थेंबांबरोबर चीक अंगावर येतो. बऱ्याच झाडांच्या बुंध्यावर लाल पट्टा रंगवलेला असतो. मुलाला पहिल्याच दिवशी असं एक झाड लांबून दाखवा आणि पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही हे बजावा. पूर्वेकडचं बाथशीबा, जिथले समुद्रातले प्रचंड खडक सगळ्या फोटोंत असतात, ते बघायला जरूर जा, पण तिथे पोहायला उतरायचं नाही. तिथला अटलांटिक खवळलेला असतो आणि प्रवाह ओढून नेतात.

आता जेवण, कारण तुझी सुट्टी तिथेच वाचणार किंवा बुडणार आहे. स्वयंपाकघर असलेली जागा घ्या, असं सगळेच सुचवतील. मीही सुचवते, पण एका अटीवर. तिथे फक्त सकाळचा चहा-नाश्ता आणि रात्रीची मुगाची खिचडी होईल, आणि खिचडीचा कुकर रोज तू लावणार नाहीस. दुपारचं जेवण बाहेर. नाहीतर एडिसनचा ओटा सोडून वर्दिंगचा ओटा, एवढाच फरक पडेल. घरून डाळ, तांदूळ, पोहे, मसाले बंद पाकिटांतून न्या आणि विमानतळावर विचारलं तर सरळ दाखवा. ताजी फळं, भाज्या, बिया मात्र नेऊ नका.

बाहेर सासूबाईंना खाता येईल असं पुष्कळ मिळतं, फक्त विचारून घ्यावं लागतं. ‘राइस अँड पीज’ या पदार्थातले पीज म्हणजे बहुधा तुरीचे दाणे, पण त्यात पुष्कळदा खारवलेलं डुकराचं मांस घालतात. म्हणून मांस घातलंय का हे स्पष्ट विचारायचं, ‘व्हेज आहे का’ एवढ्यावर थांबायचं नाही. कूकू नावाचा मक्याच्या पिठाचा आणि भेंडीचा मऊ पदार्थ म्हणजे आपल्या उकडीची बहीण. तो उडत्या माशाबरोबर देतात, पण मासा नको म्हटलं की चालतं. चीज घालून भाजलेला ‘मॅकरोनी पाय’ मुलाला आवडेल. कोकणातला नीरफणस तिथे घरोघरी खातात, त्याचे तळलेले काप मिळाले तर सासूबाईंना मुद्दाम खायला घाल. त्रिनिदादहून आलेली बटाटा-चण्याची रोटीही मिळते. त्रिनिदादला ती नेली ती १८४५ पासून तिथल्या उसाच्या मळ्यांवर करारावर नेलेल्या भारतीय मजुरांनी. रस्तफारी पंथाच्या लोकांच्या छोट्या खाणावळीत मांस आणि बहुधा मीठही नसलेलं ‘आयटल’ जेवण मिळतं, ते सगळ्यात निर्धास्त. एकादशी आली तर रताळी, केळी, शहाळी आहेतच. तिथली पिवळी मिरचीची चटणी मोहरी घातलेली आणि झणझणीत असते. सांगलीकरांना ती आवडेल असं मला वाटतं, पण सुरुवात थेंबाने करायला सांग.

सासऱ्यांची मला काळजीच नाही. उलट, त्यांना जर कुणी सांगितलं की आपण केन्सिंग्टन ओव्हलपासून दहा-पंधरा मिनिटांवर राहणार आहोत, तर ते तक्त्यावर पहिली सही करतील. २९ जून २०२४ ला भारताने दक्षिण आफ्रिकेला सात धावांनी हरवून टी-२० विश्वचषक जिंकला तो याच मैदानावर. सूर्यकुमार यादवने सीमारेषेवर डेव्हिड मिलरचा झेल घेतला तो इथेच, आणि बोरिवलीत क्रिकेट शिकलेल्या रोहित शर्माने खेळपट्टीवरचं गवत तोंडात घातलं तेही इथेच. त्यानंतर बेरिल वादळामुळे संघ या बेटावरच अडकून पडला होता. पण तुझ्या सासऱ्यांच्या पिढीसाठी हे मैदान त्याच्याही आधीचं आहे. १९७१ साली वाडेकरांच्या संघाने वेस्ट इंडीजमध्ये पहिल्यांदा मालिका जिंकली, त्या मालिकेत इथे दिलीप सरदेसाईंनी १५० आणि सुनील गावसकरांनी नाबाद ११७ धावा केल्या. १९६२ साली इथेच वेगवान गोलंदाज चार्ली ग्रिफिथचा चेंडू भारताचे कर्णधार नरी कॉन्ट्रॅक्टर यांच्या डोक्याला लागला आणि त्यांचा जीव वाचवण्यासाठी रक्त देणाऱ्यांत वेस्ट इंडीजचे कर्णधार फ्रँक वॉरेल स्वतः होते. वॉरेल, वॉलकॉट आणि वीक्स हे बार्बाडोसचे तिघेही दिग्गज फलंदाज केव्ह हिलच्या विद्यापीठाच्या मैदानाशेजारी चिरविश्रांती घेत आहेत. गारफिल्ड सोबर्सचा पुतळा मात्र ओव्हलच्या बाहेर आहे. आजोबा आणि नातू, दोघांनाच एक अख्खा दिवस या गोष्टींसाठी पाठव. टॅक्सीला मीटर नसतात, दर सरकारने ठरवलेले असतात. बसण्याआधी भाडं विचारलं की पुढे वाद होत नाही.

मुलाच्या बॅगेतून लष्करी छापाचे कपडे काढून टाक. टोपी, चड्डी, पाठपिशवी, काहीही. बार्बाडोसमध्ये असा छाप सामान्य नागरिकाने घालणं बेकायदा आहे आणि लहान मुलांनाही त्यातून सूट नाही. दुकानात, बसमध्ये, कुणाला काही विचारण्याआधी ‘गुड मॉर्निंग’ म्हणायचं. तिथे ते न म्हणणं उद्धटपणाचं मानतात, आणि म्हटलं की माणसं मनापासून मदत करतात. विमानतळाकडून निघणाऱ्या हमरस्त्याच्या एका चौकात साखळ्या तोडलेल्या माणसाचा पुतळा आहे. लोक त्याला बुसा म्हणतात. १८१६ सालच्या गुलामांच्या उठावाचा तो नेता. मुलाला टॅक्सीतूनच तो दाखवा. ज्या वाळूवर आपण आठवडाभर लोळणार, त्या बेटावर उसाच्या मळ्यांत माणसांचं काय केलं गेलं हे नऊ वर्षांच्या मुलाला कळतं आणि त्याने ते ऐकायला हवं.

सासू-सासऱ्यांचा विमा अमेरिकेच्या बाहेर लागू आहे का ते विचारून घ्या. पाहुण्यांसाठी काढलेला विमा पुष्कळदा फक्त अमेरिकेपुरता असतो. नसेल तर त्या आठवड्यापुरता वेगळा काढा. बार्बाडोसमध्ये रुग्णवाहिकेचा क्रमांक ५११, पोलिसांचा २११. दोन्ही सगळ्यांच्या फोनमध्ये घालून ठेवा.

आणि आता तुझा शेवटचा प्रश्न, घरात कसं सांगू.

आधी नवऱ्याशी बोल, आणि एकट्याशी. ‘मी थकलेय’ एवढंच म्हणू नकोस. थकलेय म्हटलं की माणसं ‘मग सुट्टीत आराम करू ना’ म्हणतात आणि पुन्हा तक्त्याकडे वळतात. त्याला मागच्या सुट्टीतला एक दिवस सकाळी उठल्यापासून सांग. कोण कधी उठलं, कुणी कुणाला काय दिलं, तू कधी बसलीस. तक्रारीच्या सुरात नको, जसं झालं तसं. त्याला दिवसाचा हिशोब मांडता येतो, हे त्याच्या तक्त्यावरूनच दिसतंय. तोच गुण कामाला लाव. विमान, टॅक्सी, जागा, विमा, आई-वडिलांची औषधं, दुपारी कुठे जेवायचं, हे सगळं या सात दिवसांपुरतं त्याचं. तू सुचवायचंही नाहीस. एखादी दुपार उपाशीपोटी लांबली तरी चालेल, पण फोन हातात घेऊन जागा शोधायला लागू नकोस. हे तुला फार जड जाईल, मला माहीत आहे. वर्षानुवर्षं हातात असलेलं काम आपल्यालाही सहज सोडवत नाही.

रोज सकाळी सहा ते नऊ हा वेळ तुझा. त्या वेळात तू वाळूवर असशील, एकटी, आणि कुणी कशासाठी हाक मारायची नाही. बाहेर भटकायचे दिवस दोनच, एक बाथशीबाचा आणि एक मैदानाचा. मैदानाला आजोबा-नातू जाणार, म्हणजे तुला एकच.

सासूबाईंना तूच सांग, नवऱ्याकडून निरोप नको. त्यांच्या प्रश्नात मला कंजुषी दिसत नाही. त्यांच्या पिढीतल्या कितीतरी बायका गणपतीपुळ्याला गेल्या त्या दर्शन घेऊन, साडी घोट्यापर्यंत धरून दोन लाटा पायावर घेऊन, सगळ्यांना जेवायला वाढायला माघारी फिरल्या. समुद्राकडे तोंड करून तासभर बसायला त्यांना कुणी सांगितलंच नाही. म्हणून ‘मला आराम हवाय’ असं न म्हणता, ‘आई, या वेळी तुम्ही आणि मी दोघींनी आठवडाभर काही करायचं नाही असं मी ठरवलंय, स्वयंपाक आणि बाकीचं हे बघणार आहेत’ असं म्हण. त्या ‘मग त्याला जमेल का?’ असं विचारतील. ‘बघू या,’ म्हण आणि तिथेच थांब. त्यांना खरोखरच बसून राहणं नको असेल तर त्याही सासऱ्यांबरोबर पायवाटेवर फिरतील, बाजारात जातील, तिथल्या बायकांशी खुणांनी का होईना बोलतील. त्यांच्या करमण्याची जबाबदारी मात्र घेऊ नकोस.

आणि हे दोन्ही संवाद तिकिटं काढायच्या आधी कर. क्रूझचं आरक्षण आधीच झालं असेल तर रद्द करायची मुदत आजच बघ.

तुझी,
ताई